रामटेके मॅडमचं विरजण

कापूस हातात आला की मी आधी तो ओढून पाहतो. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरायचा, धागा लांबवायचा आणि कुठे तुटतो ते बघायचं. उभी हयात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून गेल्यामुळे माणूस भेटला तरी माझे अंगठे शिवशिवतात. बहुतेक माणसं लवकर तुटतात, हे माझं मत आहे आणि ते मी कोणाच्या भिडेखातर बदलणार नाही. काही तर वरून पांढरीशुभ्र दिसतात आणि आत नुसती कवडी, किडका कापूस, निघते. सुलोचना रामटेके या बाईंना मात्र मी बरीच वर्षं ओढून पाहिलं. ताणण्याचा कंटाळा आला तो मलाच.

त्या आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. कंपनी म्हणजे सरकी काढायचं एखादं गावाबाहेरचं जीन समजू नका. मुख्य ऑफिस यवतमाळला, आणि राळेगाव, बाभुळगाव, घाटंजी, पांढरकवडा, जिथे म्हणून कापूस तिथे आमचा काटा. रुईच्या गाठी, सरकीचं तेल, गुरांची ढेप, सगळा पसारा. मालकांना सगळे भैयासाहेब म्हणत. मी सांगतो तो काळ कापसाच्या वाईट दिवसांचा. सरकारची एकाधिकार खरेदी शेवटचे आचके देत होती, भाव कोणाच्याच हातात राहिला नव्हता, अळीने बोंडं पोखरली होती आणि सकाळी पेपर उघडायचं मन होत नसे. गाड्या कमी झाल्या की जिनाचाही जीव कमी होतो. भैयासाहेब रोज कुठे ना कुठे कात्री लावायला बघत होते.

मॅडम मूळच्या बाभुळगावच्या. आजोबा छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, वडील शाळेत शिपाई. बाई नागपूरला शिकल्या, तिथेच चांगली नोकरी मिळत असताना परत आल्या. का आल्या असं विचारलं की म्हणायच्या, "नागपूरले माह्यासारख्या ढिगानं हायेत. इथं मी एकटीच हाये, इथं मले भाव हाये." उंच, काटक, आवाज असा की जीन चालू असतानाही पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जावा. साडी कायम सुती आणि कडक इस्त्रीची. कापसाचं खातो तर कापूसच नेसावा, हे त्यांचं तत्त्व.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. ऑफिसात नवं कपाट आलं, नवी तिजोरी आली, पाण्याच्या टाकीला नवं झाकण बसलं, की सगळे त्याच्या रंगाबद्दल बोलत आणि मॅडम विचारत, "किल्ली कोणापाशी राहीन?" उत्तर आवडलं नाही तर ते कपाट त्या वापरत नसत. आणि त्यांच्या रागाची एक गंमत होती. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत, पण राग आला की वऱ्हाडी एकदम बंद आणि पुस्तकी मराठी सुरू. "आपण कृपया बाहेर थांबता का?" असं त्यांनी म्हटलं की समोरच्याने चप्पल घालून सरळ घरी जावं, असा ऑफिसात रिवाज होता. मला त्यांनी एकदाच 'आपण' म्हटलं आहे. कारण सांगत नाही.

डब्यात रोज दही. उन्हाळ्यातही घट्ट, कवडीदार. ऑफिसातल्या अर्ध्या घरांतलं विरजण त्यांच्या घरचं होतं, त्यात माझंही घर आलं. दिवे लागल्यावर विरजण देऊ नये म्हणतात. मॅडम द्यायच्या. माझी बायको संकोचली तर म्हणाल्या, "वहिनी, दह्याले काय घड्याळ समजते? न्या बिनधास्त."

आता ताइताची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या काट्यावरचा प्रोग्राम नागपूरच्या एका फर्मचा होता. गाडी काट्यावर चढली की वजन, ओल, प्रत असं सगळं त्यात भरायचं आणि पावती निघायची. पण प्रोग्राम उघडायला मशीनच्या पाठीमागे एक बोटभर काळा तुकडा खोचावा लागे. तो नसला की मशीन मख्खपणे बसून राही. फर्मनं सांगून ठेवलं होतं, हा हरवू नका, लाखमोलाचा आहे. त्याचं इंग्रजी नाव आमच्याकडे कोणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे त्याला 'ताईत' म्हणायला लागले.

बाभुळगाव केंद्राचे मॅनेजर काळे भारी जपणुकीचे. ते रोज संध्याकाळी ताईत काढून घरी नेत आणि देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवत. सकाळी हातपाय धुऊन, नमस्कार करून परत आणत. इथवर ठीक होतं. पण ऐन हंगामात त्यांचा नवस फेडायचा राहिला होता तो त्यांना आठवला, आणि ते कुटुंबासकट माहूरला गेले. ताईत देवघरात, देवघर कुलपात आणि काळे गडावर. इकडे कापसाच्या गाड्यांची रांग फाटकातून निघून डांबरी रस्त्याला लागलेली. फर्मला फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, दुसरा तुकडा मिळेल, पण तो नव्यानं विकत घ्यावा लागेल आणि कुरियरनं येईल, नियम आहे.

मॅडम एसटीनं बाभुळगावला पोहोचल्या. मी तिथेच होतो. त्यांनी स्टूल मागवलं, काट्याशेजारी मांडलं आणि हातानं पावत्या लिहायला बसल्या. रांग मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. एका गाडीबरोबर एक म्हातारी होती, पदर कमरेला खोचलेला, चेहरा उन्हानं रापलेला. पावती घेताना तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, कापूस माहा. काटा तुमचा. मानसं सारी इथलीच. मंग अडलं कोठं?"

मॅडमनी मान खाली घालून पुढची पावती लिहायला घेतली.  परतीच्या एसटीत तोच प्रश्न त्यांनी दोनदा स्वतःशी पुटपुटला. खिडकीची काच खडखडत होती तिच्यात रुमाल कोंबून त्या नुसत्या बाहेर बघत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात फर्मनं भाडं वाढवलं. दर मशीनला, दर हंगामाला. भैयासाहेबांनी कात्री काढली आणि सांगितलं, प्रोग्रामचे पैसे भरायचे तर केंद्रांवरचे ऑपरेटर निम्मे करावे लागतील. हे ऑपरेटर मॅडमनीच निवडलेले होते. बारावी झालेली, आसपासच्या खेड्यांतली पोरंपोरी. राळेगावची मंदा आत्राम त्यातली एक. तिच्या घरच्या वावरानं तीन हंगाम दगा दिला होता आणि घरातली चूल तिच्या पगारावर पेटत होती. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. त्या वर्षी गावाकडे दुसरं काम म्हणून नव्हतं. कापूस नाही तर वेचणी नाही, वेचणी नाही तर काहीच नाही.

मॅडमनी मीटिंग मागितली. प्रतवारीचे रकाने माझ्या अखत्यारीतले म्हणून मलाही बसवलं होतं. भैयासाहेब, त्यांचे सीए, नागपूरच्या फर्मचा टायवाला साहेब आणि आम्ही. मॅडमनी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, तेव्हाच मी सावध झालो. म्हणाल्या, जगात लिनक्स म्हणून एक गोष्ट आहे आणि तिच्यावर चालणारे लागतील तेवढे प्रोग्राम आहेत. कोणीही घ्यावे, उघडून पाहावे, आपल्याला हवे तसे बदलावे. भाडं नाही, ताईत नाही.

भैयासाहेब हसले. "मॅडम, फुकट ते पौष्टिक हे जेवणावळीत ठीक आहे. धंद्यात फुकट देणाऱ्याचा मी आधी हेतू पाहतो. याचा मालक कोण?"

"कोणी एक नाही."

"मग बिघडलं तर मी कॉलर कोणाची धरू?"

"माझी."

टायवाल्या साहेबांनी घसा साफ केला. "सर, ज्या प्रोग्रामचं पोट सगळ्या जगाला दिसतं, त्यात तुम्ही तुमचे खरेदीचे भाव ठेवणार? उद्या सगळ्या जिनवाल्यांना कळेल." सीए लगबगीनं मान हलवायला लागले. भैयासाहेबांचं हसू मावळलं, कारण कापसाच्या धंद्यात आपला भाव दुसऱ्याला कळणं यापरतं पाप नाही. जुन्या बाजारात तर रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत.

मॅडम म्हणाल्या, "पोळी कशी करायची ते अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणून भैयासाहेबांच्या डब्यात आज काय आहे ते गावाला कळतं का? रीत उघडी असते. डबा आपलाच असतो." मग त्या भैयासाहेबांकडे वळल्या. "तुमच्याकडे दही नासलं तर विरजण कुठून आणता?"

"शेजारून. म्हणजे, आमच्या घरचे मागवतात."

"त्यानं शेजाऱ्याचं दही कमी होतं? उलट पुढे त्याचं नासलं तर तो तुमच्याकडून नेतो. हे तसंच आहे. फक्त एक रीत पाळायची. आपण त्यात काही चांगलं केलं, तर तेही मागणाऱ्याला द्यायचं. आपल्याला कोणीतरी दिलं, तसं."

भैयासाहेब तोवर कॅल्क्युलेटरवर वाचणाऱ्या पैशांची बेरीज करत होते. मान वर न करता म्हणाले, "हो, हो. द्या ना."

"आणि एकही ऑपरेटर कमी करायचा नाही. मला एक हंगाम द्या. जमलं नाही तर पहिली मी जाईन, मग त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

टायवाले साहेब माझ्याकडे बघून डोळा मारल्यासारखं हसले. मला तो इसम तेव्हापासून आवडत नाही.

त्या उन्हाळ्यात राळेगावच्या रिकाम्या गोदामात मॅडमनी शाळा भरवली. कंपनीनं भंगारात काढलेले जुने कॉम्प्युटर त्यांनी गाडीत घालून तिथे नेले. ते नव्या प्रोग्रामवर मजेत चालत होते. सगळ्या केंद्रांचे ऑपरेटर सकाळच्या एसटीनं येत, भिंतीला टेकून डबे ठेवत आणि दिवसभर घाम पुसत बसत. शिकवायची पद्धत अशी की आधी कोऱ्या मशीनवर सगळं आपल्या हातानं बसवायचं. ते चालू झालं, पोरं जरा खूश झाली, की मॅडम म्हणत, "शाबास. आता बिघडवा."

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी वस्तू बिघडवायला सांगत होतं. मंदा म्हणाली, "मॅडम, मोडलं तं?"

"मोडायसाठीच सांगून राह्यली न मी तुले. मोडलं नाही तं जोडशीन काय?"

काट्याच्या तारेतून वजन मशीनमध्ये यावं यासाठी त्या फार झगडल्या. आमचा काटा जुना, त्याची भाषा नव्या प्रोग्रामला कळेना. बसस्टँडसमोरच्या इंटरनेट कॅफेत जाऊन त्यांनी परदेशातल्या अनोळखी लोकांना आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं उत्तर पाठवलं. त्याच्याकडे बटाटे तोलायचा तसलाच काटा होता म्हणे. मॅडमला त्याचं इतकं कौतुक वाटलं की दोन दिवस त्या जो भेटेल त्याला बटाट्यांची गोष्ट सांगत होत्या. नंतर त्याही तिथे इतरांच्या प्रश्नांना उत्तरं लिहायला लागल्या.

आणि त्यांनी पावती मराठीत केली. आधीच्या इंग्रजी पावतीतलं शेतकऱ्याला काही कळत नसे, आणि खरं सांगतो, त्यात माझी मोठी सोय होती. आता प्रत, ओल, वजनातून किती कट्टी कापली, सगळं ठळक अक्षरांत. लोक पावती वाचून माझ्याशी भांडायला लागले. एक जण तर म्हणाला, "माह्या कापसात ओल दाखोली, तं हात लावून दाखवा ओला होते काय!" मी मॅडमकडे तक्रार घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "गावंडे भाऊ, तुमची प्रत खरी हाये ना? मंग भांडा ना मजेनं." 

दिवाळीनंतर हंगामाचा मुहूर्त निघाला. राळेगावच्या काट्यावर पहिली गाडी येणार होती. आमच्याकडे त्या दिवशी काट्याची पूजा होते, पहिल्या गाडीवाल्याला शेला-टोपी आणि नारळ देतात. भैयासाहेब आले होते, आणि त्यांनी टायवाल्या साहेबांनाही पाहुणा म्हणून आणलं होतं. पाहुणा कसला, गिधाड ते. मॅडम पडल्या की केंद्रं त्याची, आणि ऑपरेटर घरी, हे तिथे ओवाळणाऱ्या बाईपासून बैलांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

राळेगावचे मॅनेजर ढोले हे भाविक माणूस. काट्याला हळदकुंकू झालं, हार झाला. मग त्यांना वाटलं, यंदा खरं नवं आहे ते मशीन. त्याला कोरडं कसं ठेवायचं? आम्ही सगळे काट्याशी उभे असताना ते आत गेले, कॉम्प्युटरची पेटी पाटावर घेतली, चौफेर हळदकुंकू लावलं आणि नव्या ट्रकच्या चाकाखाली फोडतात त्या भक्तीनं पेटीच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी वरच्या फटींतून आत गेलं. आम्हाला फक्त 'फट्' असा आवाज आला आणि जळका वास.

सगळे आत धावले. ढोले हातात नारळाची वाटी घेऊन उभे.  टायवाल्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"ढोले," मॅडम म्हणाल्या, "आपण आता बाजूला व्हा."

 मला वाटलं, ह्या आता पदर खोचून खाली बसतील. पण त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मंदानं त्यांच्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही करता काय?"

"मी कायले करू? तुले येते."

 पोरगी वळली, गोदामाच्या कोपऱ्यातून उन्हाळ्यातल्या भंगारापैकी एक पेटी उचलून आणली, फुंकर मारून धूळ उडवली आणि तारा जोडायला लागली. भैयासाहेब चुळबुळत होते, सारखे मॅडमकडे बघत होते. मॅडम छताकडे बघत होत्या. मला तर त्यांचा राग आला. एवढं सगळं टांगणीला लागलेलं आणि ही बाई हात लावत नाही म्हणजे काय! बाहेर पहिला गाडीवाला शेला-टोपी घालून, नारळ काखेत धरून ताटकळत होता. मंदाचे हात एकदा थांबले, मग परत चालू झाले. गाडी काट्यावर चढली. वजन पडद्यावर आलं. आणि खरखरत मराठी पावती बाहेर आली.

भैयासाहेबांनी ती स्वतः उचलून मोठ्यानं वाचली, प्रतीपासून कट्टीपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टायवाल्यांनी चहा अर्धा टाकला आणि गाडीत जाऊन बसले. त्या हंगामात आमचा एकही ऑपरेटर कमी झाला नाही. ढोलेंनी नारळाचा प्रसाद वाटला, तो मॅडमनीही खाल्ला.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. कापसाची नव्हे, मॅडमची. इतर केंद्रांवर एकेक करत सगळं नवं झालं, तेल गिरणीचा हिशेबही त्यावर आला. लोक बघायला येत. मॅडम त्यांना चहा पाजत आणि जे मागतील ते देत. भैयासाहेब याकडे काणाडोळा करत होते, कारण येणारे सगळे लहान होते. एखादी पतसंस्था, एखादं धान्याचं दुकान, राजूरकडचा एक कोळशाच्या ट्रकांचा काटेवाला.

मग एक दिवस वणीकडच्या जिनाचा माणूस आला. ते जीन भैयासाहेबांच्या सख्ख्या चुलतभावाचं. दोघांचं वैर असं की एकाच लग्नात दोघांसाठी दोन मंडप घालावे लागत. माणूस लपतछपत नव्हे, भर दुपारी दारातून आला. मॅडमनी त्याला प्रोग्रामची सीडी दिली, बसवून घेतलं, काट्याच्या तारेची खुबी समजावली आणि कामाला लागल्या.

संध्याकाळी भैयासाहेबांच्या केबिनमध्ये मी कापसाचे नमुने दाखवत होतो तेव्हाच त्यांनी मॅडमना बोलावलं. मी उठायला लागलो तर कोणी उठ म्हणालं नाही, म्हणून हातात कापूस धरून तसाच बसलो.

"माझ्या काट्यावर, माझ्या पगारावर जे तयार झालं ते तुम्ही त्याला देऊन टाकलं?"

"मागणाऱ्याला द्यायचं हे मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"मी दह्याला हो म्हणालो होतो!"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसलो असतो. भैयासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांची घालमेल मला दिसत होती. एवढी वर्षं राबून उभा केलेला धंदा, आणि त्यातली एक चांगली गोष्ट आपल्या हातानं वैऱ्याच्या घरी गेलेली. त्यांनी आवाज खाली आणला. "झालं ते झालं. त्याला सांगा वापरू नको. आणि यापुढे इथलं काही बाहेर जाणार नाही एवढं कबूल करा. विषय संपला. तुमचा पगारही मी वाढवतो."

 मॅडम वऱ्हाडीत बोलल्या, त्यावरून मला कळलं की त्या रागावलेल्या नाहीत. आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"भैयासाहेब, माह्या आजोबाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ज्याच्या हातात दोर, त्याची मर्जी होयेपर्यंत खाली ओंजळ धरून उभं राहाचं. ह्या प्रोग्रामच्या विहिरीवर मी गेली तं मले कोनी नाव नाही इचारलं, गाव नाही इचारलं, जात नाही इचारली. मी पानी भरलं. आपन सारे प्यालो. आता तुम्ही म्हनता, तिथंच काठी घेऊन उभी राहू?"

 भैयासाहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "मग मला दुसरा रस्ता नाही."

"मलेही नाही." त्या उठल्या. "ऑपरेटरांचं?"

"जोवर काटा चालतो तोवर आहेत. पण आत्ताच सांगून ठेवतो, तुम्ही गेल्यावर एकदा जरी बंद पडलं, तर मी नागपूरवाल्यांना बोलावीन. मग त्या पोरांचं मला काही सांगू नका."

"मंजूर," मॅडम म्हणाल्या.

महिनाअखेरपर्यंत त्या सगळ्या केंद्रांवर फिरल्या. निरोप घ्यायला नव्हे. एकेका ऑपरेटरला शेजारी बसवून, त्याला जे येत नसेल ते त्याच्याकडून करून घेत. राळेगावला मंदा रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "रडतेस काहून? आधी त्या प्रिंटरचं पाय, कागद तिरपा घेऊन राह्यला." शेवटच्या दिवशी कंपनीनं शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. त्या दुपारीच निघून गेल्या. शाल अजून कुठल्यातरी कपाटात पडली असेल.

आता माझं सांगतो. मला फार वाईट वाटलं होतं, आणि त्या वाईट वाटण्याचं काय करावं ते कळत नव्हतं. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कान लावून बसलो. पोरांच्या नोकऱ्यांचा विचार मनात यायचा आणि मी देवाला म्हणायचो, सगळं चालू दे. आणि लगेच वाटायचं, एखादा दिवस तरी काहीतरी अडावं, भैयासाहेबांना घाम फुटावा, कोणीतरी म्हणावं, मॅडम हव्या होत्या. एकदा पांढरकवड्याचं मशीन सकाळी उठेना. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. पांढरकवड्याच्या पोरानं घाटंजीला फोन केला, घाटंजीच्या पोरीनं राळेगावला विचारलं, आणि माझा चहा यायच्या आत काटा सुरू झाला. हंगाम गेला. पुढचाही गेला. नागपूरला कोणी फोन केला नाही.

त्यानंतर मॅडम मला एकदाच दिसल्या. राळेगावच्या एसटी स्टँडवर, दुपारच्या वेळी, वणीच्या गाडीत. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला एक जुना कॉम्प्युटर. कुठल्याशा सोयाबीनवाल्यांच्या संस्थेत बसवायला चालल्या होत्या. साडी तीच, सुती, कडक. मी खिडकीशी गेलो. दीड-दोन वर्षांत त्यांनी कंपनीत कोणाला एकदाही फोन केला नव्हता.

"गावंडे भाऊ! चालू हाये ना सारं?"

कोण जाणे काय झालं, माझा संताप उसळला. म्हणालो, "चालू आहे. एक दिवस बंद पडलं नाही. मंदा आता यवतमाळला तुमच्या खुर्चीवर बसते, बाकीची पोरं आहेत तिथेच आहेत. तुमच्यावाचून कोणाचं काही म्हणून अडलेलं नाही, मॅडम. कोणाला तुमचं नाव काढायचीसुद्धा गरज पडत नाही." मला ते त्यांना लागायला हवं होतं. इतकं करून माणूस असा पुसला जातो, ह्याचं त्यांना तरी वाईट वाटावं.

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग त्यांचं तोंड असं फुललं, जसं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "मंदा माह्या खुर्चीवर?"

"हो."

"मंग तुम्ही काहून तोंड पाडून राह्यले, भाऊ? माह्यावाचून अडलं असतं, तं मी त्या नागपूरवाल्याची बहीणच झाली असती ना."

कंडक्टरनं घंटी मारली. मी आणखी काहीतरी बोलणार होतो, पण एक लेकुरवाळी बाई धावत गाडीत चढली आणि मॅडम तिला जागा करून द्यायला सरकल्या. गाडी वळली तेव्हा त्या तिचं पोर एका हातानं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या हातानं सांभाळत होत्या.